सर्फ गिटार : समुद्र कमी, स्प्रिंग जास्त

उलटी तार (मूळ धागा)

मंडळी, संगीत विभागात नाट्यसंगीत, गझल आणि पंचमदा यांचे धागे इतके झालेत की मध्ये काहीतरी बिनगाणाऱ्याचं आणावं म्हणून हा प्रपंच. विषय आहे साधारण १९६१ ते १९६४ या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात पिकलेलं सर्फ गिटार (सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणं). शब्द नाहीत, गायक नाही, दोन-अडीच मिनिटांत खेळ खलास. पुढे एक गिटार, मागे एक गिटार, बेस, ड्रम, कधी सॅक्सोफोन. बीच बॉइज या गाणाऱ्या मंडळींना इथे आणू नका. मला ते आवडतात, पण तो गळ्यांचा कारभार आहे. हा तारांचा.

बहुतेकांनी हे संगीत पहिल्यांदा 'पल्प फिक्शन'च्या (१९९४) सुरुवातीला ऐकलेलं असतं. हॉटेलात ती दोघं पिस्तुलं काढून उभी राहतात, चित्र थिजतं आणि डिक डेलची 'मिसिर्लू' धडकते. सिनेमा आला तेव्हा ती तबकडी ३२ वर्षांची झाली होती. मीही त्याच दारातून आत आलो आणि मग बाहेर पडलोच नाही.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोयीचं. या संगीताला समुद्राचं नाव लागलं ते बरंचसं योगायोगानं. लाटा, वाळू, बिकिन्या हे सगळं तबकडीच्या वेष्टनावर. आतला माल तयार झालाय तो नखी धरलेल्या हातातून, जाड तारांतून आणि एका पेटीतल्या स्प्रिंगांतून.

पुरावा हवा? सांता आनाच्या शाळकरी पोरांनी, म्हणजे शांटेजनी, 'पाइपलाइन' बांधली तेव्हा तिचं नाव 'लिबर्टीज व्हिप' होतं. एका वेस्टर्न सिनेमावरून सुचलेलं. पुढे त्यांनी हवाईच्या लाटांची एक फिल्म पाहिली आणि बारसं बदललं. व्हेन्चर्सची 'स्पडनिक' लाइव्हली वन्सनी वाजवली आणि ती 'सर्फ रायडर' झाली. बेल-एअर्सची 'मिस्टर मोटो' (१९६१) ज्याच्या नावाची, तो सिनेमातला जपानी गुप्तहेर. व्हेन्चर्सनी गाजवलेली 'वॉक डोन्ट रन' तर जॉनी स्मिथ या जॅझ गिटारवाल्याची १९५४ सालची चीज. आणि 'मिसिर्लू' पूर्व भूमध्य समुद्राकाठची, १९२७ पासून ग्रीक तबकड्यांवर सापडते. (हो, समुद्र आला. पण त्यात कोणी सर्फिंग करत नव्हतं.)

आता मूळ पुरुषाकडे. डिक डेलचं खरं नाव रिचर्ड मन्सूर. जन्म १९३७, बॉस्टन. वडील लेबनीज वंशाचे. काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे आणि पोराला त्यांनी दर्बुकेवर हात बसवायला शिकवलं. हा तालवाद्याचा हात पुढे गिटारवर उतरला, असं तो स्वतःच सांगायचा. ऐकताना पटतंही. डेल सूर वाजवत नाही, तारेवर ताल धरतो. १९५४ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियात आलं. माणूस डावखुरा. सुरुवातीला उजव्यांची गिटार नुसती उलटी धरून वाजवायचा, तारा न बदलता. पुढे डावी गिटार मिळाली तरी तारांचा क्रम उलटाच ठेवला, म्हणजे जाड तार जमिनीकडे. माझा आयडी तिथूनच उचललाय.

तारांच्या जाडीबद्दल थोडं, कारण इथेच खरी मेख आहे. आजकाल सर्रास मिळणाऱ्या गिटारच्या संचात सर्वांत जाड तार ०.०४२ किंवा ०.०४६ इंचाची असते आणि बारीक ०.००९ किंवा ०.०१०. डेलची जाड तार ०.०६० आणि बारीक ०.०१६. अशा तारांवर नखी खाली-वर, खाली-वर, न थांबता, पूर्ण ताकदीनं. नख्या अक्षरशः झिजून वितळायच्या. बोटं वाकवून तार खेचायची, ब्लूजवाले करतात तशी, ही चैन इथे नाही. तार हलतच नाही. म्हणून सगळी करामत नखीच्या हातात येते. मला नेमकं हेच आवडतं. रॉक गिटारमध्ये पुढे जे विव्हळणं आलं ते इथे नाही. इथे धावपळ आहे, पण रडारड नाही.

एवढ्या जोरानं वाजवलं की अँप्लिफायर जळणारच. गिटारी आणि अँप बनवणाऱ्या लिओ फेंडरचे चाळीसहून जास्त अँप डेलनं जाळले अशी आख्यायिका आहे. आकडा सोडा, पण त्यातून लिओ फेंडर आणि त्याचा सहकारी फ्रेडी तव्हारेस यांनी मोठा ट्रान्सफॉर्मर आणि जेबीएलचा १५ इंची स्पीकर घालून 'शोमन' अँप आणला ही गोष्ट खरी. हे तव्हारेस मूळचे हवाईच्या माउई बेटावरचे स्टील गिटार वादक.

आणि मग ती पेटी. १९६१ मध्ये फेंडरनं रिव्हर्बची, म्हणजे आवाजाला घुमारा देणारी, स्वतंत्र पेटी बाजारात आणली. स्प्रिंगची मूळ करामत हॅमंड ऑर्गनवाल्यांची. पेटीत लांब स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. एका टोकाला कॉइल आणि चिमुकलं चुंबक. गिटारचा सिग्नल आला की चुंबक स्प्रिंगला पीळ देतं. पीळ दुसऱ्या टोकाला पोचतो, तिथली कॉइल त्याचा परत सिग्नल करते. पण पीळ तिथे संपत नाही, टोकावर आपटून मागे येतो, पुन्हा जातो. शिवाय उंच आणि खालचे सूर स्प्रिंगमधून सारख्या वेगानं जात नाहीत, त्यामुळे एकच कोरडा टोला ताणला जाऊन बाहेर येतो. तळहाताची कड घोडीजवळ ठेवून तार दाबत वाजवली की रिकाम्या पिंपात थेंब पडावा तसा आवाज निघतो. सर्फवाले याला 'ड्रिप' म्हणतात आणि यासाठी जीव टाकतात. पेटीला तीनच बटणं : ड्वेल, मिक्सर, टोन. ड्वेल म्हणजे स्प्रिंगला किती जोरात ढकलायचं. ते दोनवर ठेवलं तर सभ्य घरातला आवाज, सातच्या पुढे गेलं की सर्फ. पेटीला चुकून लाथ लागली तर स्पीकरमधून वीज कडाडते. काही लोक मुद्दाम मारतात.

गंमत म्हणजे डेलला ही पेटी गिटारसाठी नको होती, गाण्यासाठी हवी होती! स्वतःचा गळा त्याला कोरडा वाटायचा.

मग १९६३ मध्ये एकदम पेव फुटलं. 'पाइपलाइन' लोकप्रियतेच्या अमेरिकन यादीत चौथ्या क्रमांकावर, सर्फारिसची 'वाइप आउट' दुसऱ्या क्रमांकावर. 'वाइप आउट' ही खरं तर तबकडीची दुसरी बाजू म्हणून घाईघाईत केलेली. सुरुवातीचा तो कडाका म्हणजे माइकजवळ मोडलेली फळी, आणि खिदळणं त्यांच्या मॅनेजरचं. ड्रमर रॉन विल्सननं शाळेच्या बँडमधला कवायतीचा ठेका भरधाव वाजवला आणि जगातल्या प्रत्येक वर्गातल्या बाकामागे छळ लावून दिला.

फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत उतरले आणि दुकान जवळजवळ बंद झालं. म्हणजे सगळी भरभराट तीन वर्षांची. पण कोलोरॅडोत बोल्डरला, जिथून समुद्र शेकडो मैल लांब, अ‍ॅस्ट्रोनॉट्स नावाचा बँड त्या काळातच 'बाहा' वाजवत होता. पुढे फिनलंडमध्ये लाइका अँड द कॉस्मोनॉट्स निघाले, अलाबामात मॅन ऑर अ‍ॅस्ट्रोमॅन. फिनलंडमध्ये कसली बिकिनी नि कसली वाळू? स्प्रिंग मात्र सगळीकडे सारखीच वाजते.

असो. कोणी ऐकतं का इथे? वाजवणारे कोणी?

खोडसाळ कारकून

वाचतोय. खुर्ची पकडली आहे. 'भांडायला सोयीचं' म्हटल्यावर भांडणारे येतीलच.

ऑरेंज काउंटीकर

आलो. :)

लेख झकास, पण समुद्राला इतकं सहज हाकलू देणार नाही. मी न्यूपोर्ट बीचपासून वीस मिनिटांवर राहतो. डेलचा सगळा जम बसला तो इथल्या बाल्बोआच्या राँदेव्हू बॉलरूममध्ये, १९६१ च्या उन्हाळ्यात. समोर समुद्र. सुरुवातीला आले ते त्याच्याबरोबर लाटांवर जाणारे मोजके दोस्त, आणि थोड्याच दिवसांत रात्री हजारो पोरं. गावच्या मंडळींनी परवानगी देताना अट घातली की मुलांनी टाय लावलाच पाहिजे, मग अनवाणी पोरांना दारात टाय वाटले, हा किस्सा डेल रंगवून सांगायचा. पोरं ज्या पद्धतीनं पाय आपटत नाचायची त्या नाचालाही 'सर्फर स्टॉम्प' म्हणायचे.

आणि डेल स्वतः सर्फिंग करायचा हो! लाटेवर असताना अंगाखाली जी घरघर जाणवते ती मला गिटारमध्ये हवी होती, या अर्थाचं तो कित्येक वेळा बोललाय. त्याच्या पहिल्या अल्बमचं नाव 'सर्फर्स चॉइस', वेष्टनावर लाटेवर उभा असलेला तोच. आता तुम्ही म्हणाल नाव नंतर चिकटवलं. अहो, ऐकणारेच सर्फर होते, नाव दुसरं काय देणार?

दुसरा मुद्दा. पहिली सर्फ चीज म्हणून जिचं नाव घेतात ती 'लेट्स गो ट्रिपिन' (१९६१) ऐका. गिटार ठणठणीत कोरडी. स्प्रिंगचा पत्ता नाही. मग तुमच्या शीर्षकाचं काय?

बॉलरूम १९६६ मध्ये आगीत गेलं. त्या जागी आता काही बघण्यासारखं नाही, लोकांनी उगाच गाडी काढू नये.

उलटी तार

@ऑरेंज काउंटीकर, अशाच प्रतिसादाची वाट बघत होतो.

'लेट्स गो ट्रिपिन' कोरडी आहे, मान्य, आणि तोच माझा मुद्दा. आधी हात आला, स्प्रिंग मागाहून. दोन्ही एकत्र आले तेव्हा ज्याला आपण डोळे मिटून 'सर्फ' म्हणतो तो आवाज झाला. समुद्र दोन्ही वेळेला खिडकीबाहेरच.

डेल सर्फिंग करायचा हे नाकारत नाही. पण शांटेज, सर्फारिस, लाइव्हली वन्स या सगळ्यांनी ज्याची नक्कल केली ती डेलच्या बोर्डाची नाही, त्याच्या अँपची. घरघर हवी होती म्हणता, ती जाड तार आणि १५ इंची स्पीकर यांतूनच आली ना?

सरोदिया

मी या प्रकारातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. काल रात्री 'मिसिर्लू' लावली आणि उडालोच. हा तर भैरव थाट! कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. पहाटेचा गंभीर राग आणि हा माणूस त्यावर मोटारसायकल चालवतोय.

नखीच्या कामाबद्दल : आमच्याकडे सरोदवर जव्याचा एक आघात 'दा', उलटा 'रा', आणि दोन्ही जलद जोडून आले की 'दिर'. तुम्ही जे खाली-वर न थांबता म्हणता ते म्हणजे अखंड दिरदिर. झाल्यात आणि द्रुत तोड्यांत आम्ही ते वाजवतो, पण मिनिट-दीड मिनिटात हात भरून येतो. हा गृहस्थ पूर्ण चीजभर एकाच वजनानं मारतोय. त्यातही जाड तारेवर. मनगटातून करत असेल की कोपरातून? मला व्हिडिओत दोन्ही वाटलं.

आमच्या गुरुजींना ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "तयारी आहे. घाई का आहे?"

उलटी तार

@सरोदिया, गुरुजींना दंडवत. :)

स्वर भैरवाचे, पण राग म्हणाल तर नाही. भैरवाचा जीव कोमल रे आणि कोमल ध यांच्यावरच्या आंदोलनात, आणि डेल तिथे क्षणभर थांबत नाही. अरबी पद्धतीत हाच स्वरसमूह हिजाझकार मकामात येतो आणि 'मिसिर्लू' त्या घरची.

घाईचं कारण डेल सांगायचा ते असं. एका लहान मुलानं त्याला विचारलं, एकाच तारेवर पूर्ण चीज वाजवता येईल का? ये उद्या, म्हणाला. मग काका ऊदवर एका तारेवर 'मिसिर्लू' वाजवायचे ते आठवलं. पण त्यांच्या लयीत ती फार संथ वाटली, म्हणून लय वाढवली आणि वाढवतच गेला. सुरुवातीचा तो घसरत येणारा सूर आणि पहिली ओळ नीट बघा, हात खरोखरच एका तारेवर वर-खाली पळतोय. उजवीकडे-डावीकडे तारा बदलाव्या लागत नाहीत म्हणून नखीचा हात मोकळा सुटतो.

मनगट की कोपर : जलद भागात कोपर बरंच आखडलेलं दिसतं. शिकवणारे लोक बघितलं तर ओरडतील.

जुनं खोड

तुम्ही पोरं अमेरिकेला जाऊन बसलात. आमच्या काळात गिरगावात-दादरात कोणी गिटार हातात घेतली की पहिली चीज एकच, 'अपाची'. इंग्लंडचे शॅडोज! १९६०. हँक मार्विन, चष्मा, लाल फेंडर. रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी लागायची, माझे थोरले बंधू कान लावून बसायचे आणि धोबीतलावला फुर्टाडोच्या काचेतून गिटारी बघून यायचे. घ्यायची ऐपत नव्हती. मग एका गोवेकर मित्राकडे होती तिच्यावर सगळे शिकले.

आणि वाद्यावर धून हा प्रकार आपल्याला नवा नाही. व्हॅन शिप्ली हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजवायचे, एचएमव्हीच्या तबकड्या घरोघरी होत्या. शब्दांवाचून कोणाचं काही अडलं नाही.

प्रश्न : शॅडोज सर्फमध्ये धरायचे की नाही?

उलटी तार

@जुनं खोड, काका, अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न. माझ्या मते चुलत घराणं. धून पुढे, शब्द नाहीत, फेंडर गिटार, मूठभर मिनिटं, इथपर्यंत सारखं. पण मार्विनचा घुमारा स्प्रिंगचा नाही, इटालियन बनावटीच्या मेआझी इको यंत्राचा. त्यात आवाज सुटा सुटा परत येतो, एक, मग दुसरा. स्प्रिंगमध्ये सगळा एकदम पसरतो. आणि मार्विन तारेला हळुवार कंप देतो, सूर गातो. डेलला विचारलं असतं तर तो म्हणाला असता गायचं कशाला.

पण खरं सांगू? व्हेन्चर्सनाही कट्टर लोक सर्फ मानत नाहीत. ते वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचे. बॉब बोगल आणि डॉन विल्सन दोघंही गवंडीकामावरचे. विल्सनच्या आईनं स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी काढून 'वॉक डोन्ट रन' छापली आणि १९६० मध्ये ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. सर्फची लाट यायच्या आधी. १९६४ मध्ये त्यांनी तीच चीज स्प्रिंगमध्ये बुडवून परत काढली आणि ती पुन्हा पहिल्या दहांत. दोन्ही लागोपाठ लावून ऐका, माझा अख्खा लेख वाचायची गरज नाही.

वसुधाताई

माझ्या लेकाकडून नाइलाजानं सगळं ऐकून झालंय. स्पष्ट बोलू? तिसऱ्या गाण्यानंतर सगळं एकच वाटतं. गाडीत बसून कोणीतरी कोणाचा तरी पाठलाग करतंय आणि पकडत नाहीये.

उलटी तार

@वसुधाताई, हा हा! पाठलागाचं वर्णन मी चोरणार आहे.

सगळं एकच वाटतं कारण यूट्यूब सगळं एकाच मुशीतलं पुढे करतं. 'पाइपलाइन'पासून सुरू करा, पण हेडफोन लावून. तिथे गिटार पुढे नाही, मागेच आहे. सुरुवातीला जाड तारेवरून खरवडत खाली येणारा आवाज, मग बेसच्या जोडीनं दबक्या पावलांनी चालणारी गिटार, आणि पियानो अधूनमधून. पोरं शाळेतली होती, तरी कोणालाही पुढे यायची घाई नाही. पाठलाग नाही, पाळत म्हणा हवं तर. मग ऑस्ट्रेलियाच्या अटलांटिक्सची 'बोम्बोरा' (१९६३) : तिथे ड्रम चढत जातात आणि गिटार त्यांच्या डोक्यावर. नंतर सँडल्सनी 'द एन्डलेस समर' या माहितीपटाला दिलेलं संगीत. त्यात कसलीही घाई नाही, दुपारी झोप लागेल इतकं मऊ. (हो, ऑरेंज काउंटीकर, हा माहितीपट सर्फिंगचाच आहे. एक गुण तुम्हाला.)

'वाइप आउट' तुम्हाला नाही सुचवत. लेक बाक बडवत असेलच.

वसुधाताई

बाक नाही, जेवणाचं टेबल. 'पाइपलाइन' ऐकली. बरी आहे. म्हणजे चांगली आहे, पण त्याला सांगणार नाही.

खोडसाळ कारकून

हिंदी सिनेमाचं कोणी नाव काढलं नाही म्हणून : 'गुमनाम' (१९६५), शंकर-जयकिशन, 'जान पहचान हो'. रफीसाहेब गातायत, लक्ष्मी छाया मुखवटा लावून नाचतेय आणि पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज हा बँड. गिटारचा तो टणत्कार ऐका आणि मग सांगा आपल्याकडे लाट आली नव्हती. २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' नावाच्या अमेरिकन सिनेमानं सुरुवातीलाच हे गाणं वापरलं तेव्हा तिकडचे लोक वेडे झाले होते.

उलटी तार

@खोडसाळ कारकून, गाणं जीव की प्राण. सर्फ म्हणवत नाही, कारण रफीसाहेब आहेत, ब्रास आहे, शिवाय तो ठेका ट्विस्ट-रॉक अँड रोलचा. पण ती गिटार एकटी काढून घेतली तर शपथेवर साक्ष द्यायला तयार आहे.

बेंजोवाला परळ

नमस्कार. मी फारसा लिहीत नाही, वाचतो. आमची बेंजो पार्टी आहे. बेंजो, कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलकी, टिमकी. लग्नं, हळदी, गणपती.

हे गिटारवाले जे करतात ते ऐकून आमच्या मास्तरची आठवण आली. बेंजोवर डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातात नखी, तारांवर सारखी खाली-वर चालू ठेवायची. थांबली की आवाज मेला, कारण आमच्या तारांचा सूर टिकतच नाही. मिरवणुकीत चार-पाच तास. मास्तर म्हणायचे, बटण चुकलं तर पब्लिक माफ करेल, नखी थांबली तर नाही. कोळीगीतं पूर्ण बिनशब्दाची वाजतात आणि रस्त्यावरचं पब्लिक शब्द स्वतः म्हणतं.

आम्ही पण बेंजोला पिकअप लावून अँपमधून काढतो आणि मिक्सरवर थोडा इको देतो. तुमच्या स्प्रिंगसारखा ओला येत नाही. ती पेटी बेंजोला चालेल का? किंमत किती?

नागोयाची वारी

बेंजोवाले दादांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी नोकरीनिमित्त नागोयात आहे. तुमच्या बेंजोचं, म्हणजे बुलबुल तरंगचं, मूळ याच गावात! १९१२ मध्ये मोरिता गोरो यांनी ताईशोगोतो बनवलं : लाकडी पेटी, तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. तेच भारतात पोचलं आणि आपल्याकडे रस्त्यावर आलं. इथे ते आता आजी-आजोबांच्या हौशी वर्गांत वाजतं, अगदी शांतपणे. परळची मिरवणूक दाखवली तर घाबरतील.

आणि सर्फचं म्हणाल तर जपाननं ते अमेरिकेपेक्षा जास्त काळ जपलं. १९६५ मध्ये व्हेन्चर्स इथे आले आणि इलेक्ट्रिक गिटारची साथच पसरली. इथे तिला 'एरेकी' म्हणतात. व्हेन्चर्स त्यानंतर दरवर्षासारखे येत राहिले. युझो कायामा हा सिनेनट, त्याची 'ब्लॅक सँड बीच' आजही ऐकू येते. आणि ताकेशी तेराउची! त्यानं बनीज या आपल्या बँडबरोबर जपानी लोकगीतं वाजवली, १९६७ मध्ये बीथोवेनची पाचवी सिम्फनी वाजवली, सगळं याच दणक्यात. त्सुगारूच्या शामिसेनवर (तीन तारांचं जपानी वाद्य) नखीचा जो आपटता हात असतो तो त्याच्या गिटारमध्ये सरळ ऐकू येतो. उलटी तार यांच्या मुद्द्याला जोड : जिथे जिथे आधीपासून नखीचं वाद्य होतं तिथे हे संगीत परकं वाटलं नाही.

ऑरेंज काउंटीकर

ऊद, शामिसेन, बेंजो, सरोद. बरं बाबा, नखीचा मुद्दा मान्य. पण त्या चारही गावांनी आपापल्या नखीचं आपापलं संगीत केलं आणि सर्फ मात्र इथेच झालं, बाल्बोआत. पोरांना रात्री पाय आपटायला जागा हवी होती म्हणून झालं. समुद्र मी सोडत नाही.

जाता जाता : डेल २०१९ मध्ये गेला, ८१ व्या वर्षी. शेवटच्या काळात कॅन्सर आणि इतर दहा दुखणी अंगावर घेऊन दौरे करत होता. औषधपाण्याचा खर्च भागवायला वाजवावंच लागतं, असं त्यानं मुलाखतीत उघड सांगितलं होतं. इथल्या विम्याची रड आपल्या मंडळींना सांगायला नकोच.

सरोदिया

@बेंजोवाला, "नखी थांबली तर नाही" हे वाक्य क्लासमध्ये फळ्यावर लिहितोय. मास्तरांचं नाव न घेता.

उलटी तार

@नागोयाची वारी, तेराउचीबद्दल वेगळा धागा काढाच. नुसत्या प्रतिसादात भागणार नाही.

@बेंजोवाला, दादा, चालेल. न चालायला काय झालं. तारेचा पिकअपवरून सिग्नल येतोय ना, मग स्प्रिंगला बेंजो काय नि गिटार काय. पण फेंडरची असली पेटी घेऊ नका, जुनी तर सोन्याच्या भावात जाते आणि नवीही काही स्वस्त नाही. त्यापेक्षा आत स्प्रिंग असलेला जुना गिटार अँप बघा. घेण्याआधी अँप चालू करून, आवाज अर्ध्यावर ठेवून वरून हलकी थाप मारा. आतून गडगडाट आला तर स्प्रिंग जिवंत. नुसता खट्ट आवाज आला तर तार तुटलेली आहे. मी हे न करता एकाकडून अँप उचलला होता, तो 'रिव्हर्ब एकदम फर्स्टक्लास' म्हणत होता आणि आत स्प्रिंगच नव्हती, नुसती रिकामी पत्र्याची पट्टी.

एक अडचण आहे ती सांगतो. तुमची गाडी चालती. टेम्पो खड्ड्यात गेला की प्रत्येक वेळी स्पीकरमधून वीज कडाडणार. स्प्रिंगखाली जाड फोम घालून बघा, किंवा मग पायाखालचा डिजिटल पेडल घ्या. त्यात स्प्रिंगची नक्कल असते. ड्रिप तेवढा टपटपीत नसतो, पण हलत्या गाडीवर टिकतो. आणि ठाण्याच्या बाजूला आलात तर माझ्याकडे पेटी आहे, बेंजो जोडून बघू.

बेंजोवाला परळ

कडाडलं तरी चालेल, पब्लिकला आवडेल. :) आत्ता सुपाऱ्या लागल्यात, गणपती होईपर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही. त्यानंतरच्या रविवारी येतो. 'मिसिर्लू'ची पहिली ओळ बटणांवर बसली, दुसरीत अडकतंय, वरची पट्टी संपते. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.